जुने गेम लिलावात विकताना : कोल्हापुरातून दिवाळीपासूनचा अनुभव

घाईत असणाऱ्यांसाठी आधी निकाल सांगून टाकतो. जो गेम कुणाकडेही मिळतो तो लिलावात टाकू नका. ठरावीक किमतीला लावा आणि गप्प बसा. जो शोधूनही सापडत नाही तो मात्र लिलावातच टाका, कारण त्याची किंमत ना तुम्हाला माहीत, ना मला. गेल्या दिवाळीपासून एका परदेशी लिलाव साइटवर प्लेस्टेशनचे जुने गेम विकतोय, त्याचा अनुभव लिहितो.

माल मामेभावाचा. मंगळवार पेठेत त्याचं गेम पार्लर होतं, तासावर पैसे घेऊन पीएस२, म्हणजे प्लेस्टेशन २, खेळायला द्यायचा. मोबाइल आले आणि धंदा बसला. डिस्कची खोकी माळ्यावर गेली ती गेलीच. वहिनींनी दिवाळीच्या साफसफाईत ती खाली काढली आणि भंगारवाल्याला हाक मारायच्या आत मी पोचलो. त्यातला बराच माल कॉपीचा होता, मार्करने नाव लिहिलेला. तो विकायचा नाहीच. बेकायदा तर आहेच, शिवाय साइटवाले लिस्टिंग, म्हणजे विक्रीची जाहिरात, उडवतात आणि खातंही बंद करू शकतात. ओरिजिनल निघाले ते थोडे, पण त्यात काही असे निघाले की नाद खुळा.

मग इथेच का नाही विकले? जाहिरातींच्या ॲपवर टाकून पाहिलं. ‘लास्ट किती?’ याच्या पलीकडे संभाषण जात नाही. फोटोही न बघता ‘लास्ट किती’. देशातल्या देशात लिलाव करायची चांगली सोय एके काळी होती. बाझी डॉट कॉम २००४ मध्ये ईबेने घेतली, तिचं ईबे इंडिया झालं, २०१७ मध्ये ते फ्लिपकार्टकडे गेलं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये बंद पडलं. त्यानंतर जुन्या गेमसाठी तेवढी मोठी बाजारपेठ आपल्याकडे उभी राहिली नाही. म्हणून परदेश.

आता लिलाव चालतो कसा ते. आपल्याकडे मार्केट यार्डात गुळाचा सौदा ज्याने बघितलाय त्याला निम्मं आधीच कळलेलं असतं: रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, रांगेभोवती व्यापारी उभे, बोली चढत जाते, शेवटच्या आकड्याला माल सुटतो. फरक एवढाच की इथे खरेदीदार स्वतः ओरडत नाही. तो आपला वरचा आकडा साइटला गुपचूप सांगून ठेवतो आणि साइट त्याच्या वतीने लागेल तेवढीच बोली वाढवते. समजा एकाने कमाल ६० पौंड लिहिले आणि दुसऱ्याने ३५. पाटीवर ६० दिसत नाही, दिसतात ३६, म्हणजे दुसऱ्याच्या आकड्याहून एक पायरी वर. विक्रेत्याने हे नीट डोक्यात घ्यायला हवं. तुम्हाला मिळणारी किंमत पहिला गिऱ्हाईक ठरवत नाही, दुसरा ठरवतो. वेडा गिऱ्हाईक एकटाच असेल तर माल सुरुवातीच्या बोलीलाच जातो. फिफा या फुटबॉल गेमच्या जुन्या आवृत्त्या तशाच जातात, किंवा जातच नाहीत. दरवर्षी नवी यायची, म्हणून जुनीला विचारणार कोण? २००६ चा क्रिकेट ०७ इथल्या पोरांच्या जिव्हाळ्याचा, पण तिकडे तो ढिगाने पडलाय. तो मी शेवटी राजारामपुरीतल्या एका पोराला दिला, चहाच्या बोलीवर.

गंमत आली ती ‘देसी अड्डा’ची. हा २००९ चा गेम, हैदराबादच्या गेमशास्त्र कंपनीने केलेला आणि भारतातच विकलेला. कबड्डी, विटीदांडू, पतंग असले खेळ त्यात. पार्लरमध्ये त्याला कुणी हात लावत नव्हतं, सगळ्यांना सॅन अँड्रियास पाहिजे असायचं. त्यामुळे डबी, आतलं पुस्तक, डिस्क, सगळं कोरं करकरीत राहिलेलं. आणि जगात पीएस२ चा प्रत्येक गेम जमवायला निघालेली माणसं आहेत. त्यांच्या यादीत हे भारतातले गेम हमखास अडतात, कारण ते तिकडच्या दुकानात कधी आलेच नाहीत. त्याच वर्षीचा ‘हनुमान : बॉय वॉरियर’ही तसाच, पण तो आमच्या खोक्यात नव्हता.

मी सुरुवातीची बोली मुद्दाम कमी ठेवली होती. पहिले चार-पाच दिवस काहीच हालचाल नाही, नुसते ‘वॉच’ करणारे वाढत होते. मग ऑस्ट्रेलियातल्या एकाचा मेसेज आला: डबीवरच्या एमआरपीच्या स्टिकरचा जवळून फोटो मिळेल का? आणि कृपा करून तो काढू नका. मी डबी पुसून तो निपटूनच टाकणार होतो. त्याला मात्र तोच पाहिजे होता. रुपयांतली किंमत आणि आयातदाराचा पत्ता छापलेला तो चिकट कागद म्हणजे ही प्रत खरोखर भारतात विकली गेली याचा पुरावा. भिंगातून काढल्यासारखे फोटो टाकले, स्टिकरचा कोपरा थोडा उचललाय तोही दाखवला. शेवटच्या मिनिटापर्यंत बोली जवळजवळ होती तिथेच होती. शेवटच्या दहा-बारा सेकंदांत दोघांनी उड्या टाकल्या आणि आकडा चौपट झाला. याला तिकडे स्नायपिंग म्हणतात. मुरलेले खरेदीदार आधी बोली लावून भाव चढवतच नाहीत. म्हणून लिलाव संपायच्या आदल्या दिवशी निराश होऊन माल मागे घेणाऱ्यांना माझं सांगणं, जरा दम धरा.

वेळेचंही गणित आहे. लिलाव ज्या वेळी सुरू केला त्याच वेळी संपतो, आणि तो रविवारी संध्याकाळी संपलेला बरा, कारण तेव्हा गिऱ्हाईक घरी असतो. पण संध्याकाळ त्याची. इंग्लंडमधले रात्रीचे आठ म्हणजे आपले हिवाळ्यात दीड, उन्हाळ्यात साडेबारा. वेळ आधी लावून ठेवता येते, पण मी आपला जागाच राहतो, नाहीतरी रविवारी रांगड्या जेवणानंतर लवकर झोप कुणाला येते?

मित्रांना लिलाव म्हटलं की एकच सुचतं. ‘भावा, लिंक पाठव की, आम्ही चढवतो बोली!’ नाही म्हणजे नाही. आपल्याच माणसाकडून बोली फुगवणं साइटच्या नियमात बसत नाही, पकडलं तर खातं जातं. आणि बोली फुगवता फुगवता मित्रानेच माल जिंकला तर साइटची टक्केवारी तुमच्याच खिशातून.

आता फोटोंबद्दल थोडं सविस्तर, कारण भारतातून विकताना सगळा खेळ विश्वासाचा आहे. भारतातला पीएस२ म्हणजे कॉपीचा माल, हे तिकडच्यांनाही माहीत आहे. त्यामुळे डिस्कची खालची बाजू उजेडात धरून दाखवावीच लागते. ओरिजिनल डीव्हीडी चंदेरी दिसते, घरी बर्न करून कॉपी केलेली जांभळट. पण पीएस२ चे काही जुने गेम सीडीवर यायचे आणि त्यांची खालची बाजू निळी असते. निळी दिसली म्हणून खोटी समजू नका, आणि लिस्टिंगमध्ये ते आधीच लिहा, नाहीतर प्रश्न येत राहतात. आतल्या कड्यावर कारखान्यातच उमटवलेला बारीक आयएफपीआय कोड असतो, त्याचा फोटो द्या. मोबाइल आडवा धरून, ट्यूबलाइटचा उजेड तिरका पाडला की कोड उठून दिसतो.

चरे लपवू नका. डीव्हीडीत माहितीचा थर साधारण ०.६ मिलिमीटर आत असतो, त्यामुळे वरचा पृष्ठभाग मशिनवर घासून काही डिस्क वाचवता येतात. पीएस३ पासूनच्या ब्लू-रेमध्ये तोच थर पृष्ठभागाच्या जेमतेम ०.१ मिलिमीटर खाली असतो. वरचं कडक लेपण चरे पडू देत नाही, पण खोल चरा पडलाच तर घासून उपयोग नाही. टूथपेस्टचे जे प्रयोग चालतात ते तर कुठल्याच डिस्कवर करू नका. पुसायचं ते मधून कडेकडे, गोल गोल नाही.

एक वाद झाला तो सांगतो. एका अमेरिकन खरेदीदाराने गेम घेतला आणि ‘डिस्क खराब आहे, चालत नाही’ म्हणून पैसे परत मागितले. डिस्क ठणठणीत होती. ती ‘पाल’ (PAL), म्हणजे भारत-युरोपच्या टीव्ही पद्धतीची होती आणि त्याचं कन्सोल अमेरिकेचं. पीएस२ ला प्रदेशाचं कुलूप आहे, हे मी लिस्टिंगमध्ये लिहिलं होतं. तरी असल्या तक्रारीत साइटचा कल गिऱ्हाइकाकडेच असतो. माल परत मागवायचा तर टपालखर्च माझ्या माथी, म्हणून थोडी रक्कम सोडून मिटवलं. आता पाल हा शब्द शीर्षकातच घालतो. पीएस४ आणि पीएस५ च्या डिस्कला ही भानगड नाही, कुठल्याही देशात चालतात. अडचण येते ती जास्तीच्या डाउनलोडची, ते डिस्कच्या प्रदेशाशी जुळावं लागतं.

पाठवणी. निर्यात म्हटलं की आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा सरकारी नंबर, लागतो. अर्ज ऑनलाइन होतो, फी ५०० रुपये, आणि दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये माहिती अद्ययावत करावी लागते. हे ऐकून लोक घाबरतात, पण सीए न लावता जमतं. पार्सल मी टपालानेच पाठवतो, मागोवा घेता येणारं पॅकेट म्हणून. वजनाची मर्यादा असते, एका डबीला तेवढं कशाला लागतंय! डाकघर निर्यात केंद्राच्या पोर्टलवर कागद भरून गेलं की काउंटरवर वेळ जात नाही. एका खासगी कुरियरने मात्र डबी अशी चेपून पोचवली की बिजागरीच तुटली, भरपाईचा फॉर्म अजून ‘प्रक्रियेत’ आहे. इंग्लंडला १३५ पौंडांपर्यंतच्या मालाचा व्हॅट साइटच खरेदीदाराकडून घेते, आपल्याला काही करावं लागत नाही. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी ऑगस्ट २०२५ मध्ये काढली, तेव्हा टपाल खात्याने तिकडची बरीचशी पार्सलं थांबवली होती, ती ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झाली. तेव्हापासून मी अमेरिकेचा गिऱ्हाईक आला तर करासकट किती पडेल ते त्याला आधी बघायला सांगतो.

खर्च जमेला धरताना एक गोष्ट निसटते. साइटची टक्केवारी नुसत्या बोलीवर नाही, टपालासकट पूर्ण रकमेवर लागते. वर डॉलर-पौंडांचे रुपये करणारी मधली कंपनी आपला वाटा काढते. स्वस्त गेम परदेशी पाठवण्यात त्यामुळे काही राहत नाही. तीन-चार एकत्र करून लॉट लावला तर परवडतं.

आणि पावसाळा. आपल्याकडचा जून ते सप्टेंबर डबीतल्या पुस्तकांना फार वाईट. कागद फुगतो, बुरशीचे ठिपके येतात, आणि पुस्तक नसलं की संग्राहक लगेच भाव पाडतो. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, औषधांच्या बाटल्यांतून निघतात त्या जपून ठेवल्या तरी चालतात. पंचगंगेला पूर आला आणि शिरोलीजवळ हायवेवर पाणी चढलं, जसं २०१९ आणि २०२१ ला झालं, तर पार्सल इथेच अडकतं आणि ‘वेळेत पाठवलं नाही’ हा शेरा तुमच्या नावावर. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मी खातं सुट्टीवर टाकतो.

ज्यांच्याकडे डिजिटल गेमच आहेत त्यांना यातलं काहीच लागू नाही, ते खात्याला बांधलेले, विकता येत नाहीत. खोक्यात माझ्याकडे आता ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ उरलाय, मुंबईच्या ट्राइन कंपनीचा, २०१० चा, स्टिकरसकट. ऑक्टोबरमध्ये लावणार, शेवट रविवारी रात्री साडेबाराला. मामेभावाचं म्हणणं सुरुवातच मोठ्या आकड्यावर करावी, माझं म्हणणं एक पौंडावर. निम्मे पैसे त्याचे आहेत, त्यामुळे ते अजून ठरायचंय.