अ‍ॅडास घ्यावं की नुसती कनेक्टेड? लातूर-केज रस्त्यावरून

दोन वर्षं अ‍ॅडासवाली गाडी वापरली; म्हणजे कॅमेरा-रडारच्या मदतीने वेग, ब्रेक आणि स्टिअरिंगला हातभार लावणारी. गेल्या दसऱ्याला ती देऊन अ‍ॅडास नसलेली, फक्त कनेक्टेड, म्हणजे इंटरनेटने मोबाईलला जोडलेली गाडी घेतली. दोघेतिघे मित्र याच पेचात आहेत, म्हणून लिहितोय.

आधी दाजींची बाजू. ते जालन्याचे, स्टीलच्या धंद्यापायी दर आठवड्याला समृद्धीवरून नागपूर. तिथे १२० ची मर्यादा, ठसठशीत पट्टे, दुचाकीला बंदी. भीती फक्त डोळा लागायची. पुढच्या ट्रकपासून अंतर राखत गाडी आपोआप वेग सांभाळते. तिथे मीही चालवली, खोटं कशाला बोलू, पैसे वसूल. अर्थात हे लेव्हल २, म्हणजे गाडी फक्त मदत करते, जबाबदारी आपलीच.

माझा रस्ता लातूर-अंबाजोगाई-केज, आणि फेऱ्या जास्त त्या ऐन उसाच्या हंगामात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर लोंबतोय, मागे दिवा नाही. चुकवायला जरा उजवीकडे घेतलं की लेन असिस्टमुळे (गाडीला पट्ट्याच्या आत ठेवणारी सोय) स्टिअरिंग हलकेच डावीकडे ओढ घेतं, म्हणजे थेट ट्रॉलीकडे! घाईत इंडिकेटर दिलेला नसतो आणि कॅमेऱ्याला पांढरा पट्टा दिसलेला असतो. ओढ मनगटाने मोडते, पण अंधारात धस्स होतं.

बरं, लेन असिस्ट मेनूत जाऊन बंद करता येतं. पण गाडी बंद करून चालू केली की ते पुन्हा चालू! चहाला थांबलो, बंद करा. पेट्रोल भरलं, बंद करा. बायको विचारायची, "झाला का गाडीला नमस्कार?" माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. एकदा खडी उडून काच तडकली; काच लातुरात बसली, काचेमागच्या कॅमेऱ्याच्या कॅलिब्रेशनला, म्हणजे तो पुन्हा अचूक जुळवायला, मात्र पुणे गाठावं लागलं.

कनेक्टेडचं कौतुकही बेतानेच. पोरगं गाडी घेऊन गेलं की कुठे आहे, किती पळवतंय ते मोबाईलवर कळतं. मांजरसुंब्याच्या घाटात रेंज गेली की तेही नाही. शिवाय नाव कनेक्टेड असलं तरी गाडी बोलते ती आपल्या कंपनीशी, शेजारच्या गाडीशी नाही. बस-टॅक्सीत एआयएस-१४० या सरकारी मानकाचे, गाडी कुठे आहे ते कळवणारे ट्रॅकर आहेत, पण समोरच्या वळणावर बस आहे हे मला ते सांगत नाहीत. त्यासाठी गाडी कंपन्या, रस्तेवाले, आरटीओ आणि साखर कारखाने एका टेबलाला बसायला हवेत. ट्रॉलीत तर सिमकार्डही नाही. तोवर कारखान्याने ट्रॉलीला लावलेली लाल चमकती पट्टी दोन्ही गाड्यांतून सारखीच दिसते.

समृद्धी नेहमीची असेल तर दाजींचं ऐका. तालुक्याच्या रस्त्यांवरच फिरायचं असेल, तर मी तरी वाचलेल्या पैशांत चांगले टायर घेईन. तरीही अ‍ॅडासच घ्यायचं ठरलं, तर टेस्ट ड्राइव्हला लेन असिस्ट बंद करा, गाडी बंद करून पुन्हा चालू करा, आणि ते बंदच राहतंय का बघा. शोरूमवाला आपणहून सांगत नाही.