मांड ठोकून बसणाऱ्याची जीन्स: रँग्लर १३ एमडब्ल्यूझेड

ही जीन्स आरशासमोर उभं राहून पारखू नका. ट्रायल रूममध्ये खुर्ची मागवा, तिच्या पाठीकडे तोंड करून दोन्ही बाजूंना पाय टाकून बसा आणि मग ठरवा. उभ्याने ती बऱ्याच जणांना मागून जरा उंच वाटते. बसलं की कळतं, माप बसलेल्या माणसाचंच घेतलेलं आहे.

ते माप घेणारा शिंपी पोलंडमधून अमेरिकेत आलेला. बर्नार्ड लिक्टेनस्टाइन हे त्यांचं नाव, पण फिलाडेल्फियात आणि घोडेस्वारांच्या जगात ते ‘रोडिओ बेन’ म्हणूनच ओळखले गेले. रोडिओ म्हणजे काउबॉयांच्या बिथरलेल्या घोड्या-बैलांवर बसण्याच्या स्पर्धा. जीन ऑट्री, रॉय रॉजर्स यांच्यासारख्या पडद्यावरच्या काउबॉयांचे भरजरी कपडे त्यांनी शिवले. टिचबटणांचे शर्ट रूढ करणाऱ्या पहिल्या काही शिंप्यांतही त्यांचं नाव घेतलं जातं. टिचबटणामागे कारण होतं. शर्ट खोगिराच्या खुंटीत किंवा बैलाच्या शिंगात अडकला, तर बटणं पटापट सुटावीत आणि माणूस फरफटत जाऊ नये. रँग्लर या नावाने जीन्स काढणाऱ्या ब्लू बेल कंपनीने घोडेस्वारांसाठी जीन्स करायचं काम त्यांच्याकडे दिलं ते या नजरेसाठी. जिम शोल्डर्स, बिल लिंडरमन, फ्रेकल्स ब्राउन या नामवंत रोडिओपटूंनी ती वापरून पारखली आणि १९४७ मध्ये रँग्लर बाजारात आली. १३ एमडब्ल्यूझेड म्हणजे तेरावा नमुना, ‘मेन्स विथ झिपर’. पुढे १९७४ मध्ये व्यावसायिक रोडिओपटूंच्या संघटनेने तिला अधिकृत मान्यता दिली.

बेन यांचा हात कुठे दिसतो, ते जीन्स हातात घेऊन बघण्यासारखं आहे. आसन पुढून-मागून खोल आहे, त्यामुळे वाकलं तरी पाठ उघडी पडत नाही. मागचे खिसे नेहमीपेक्षा वर बसवलेत. मांड ठोकल्यावर पाकीट बुडाखाली येत नाही. पुढच्या खिशांची तोंडं रुंद आहेत, बसल्या बसल्या हात आत जातो. रिव्हेट, म्हणजे शिवणीच्या टोकांवर ठोकलेल्या धातूच्या टिकल्या, चपटे आणि गुळगुळीत, कारण उभट रिव्हेट खोगिराच्या चामड्यावर ओरखडे काढतो. पट्ट्याचे लूप पाच नसून सात आहेत आणि पुढचे दोन एकमेकांपासून लांब, मधे मोठं बक्कल मावावं म्हणून. बटणांऐवजी चेन. बाहेरची शिवणसुद्धा कडा दुमडून दुहेरी टीपेने बंद केलेली. ती उसवायला फार वर्षं लागतात. यातली एकही गोष्ट शोभेसाठी नाही, आणि म्हणूनच हा नमुना आम्हाला इतका आवडतो. मोटरसायकलवर रोज चार-पाच तास काढणाऱ्याला हे सगळं घोड्याशिवायही उपयोगी पडतं.

कापड चौरस यार्डाला १४.७५ औंसांचं, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ५०० ग्रॅम. निव्वळ सुती, ताणलं जात नाही. वीण ब्रोकन ट्विलची. ही भर १९६४ची, बेन यांच्या मूळ नमुन्यानंतरची. साध्या ट्विलमध्ये सगळ्या तिरक्या रेघा एकाच बाजूला कलतात. धुतल्यावर धाग्यांतला ताण सुटतो, पाय पिळवटतो आणि बाहेरची शिवण हळूहळू नडगीवर येते. ब्रोकन ट्विलमध्ये रेघ थोडी उजवीकडे जाऊन मोडते आणि डावीकडे वळते, त्यामुळे दोन्हीकडची ओढ एकमेकींना मारते. जुन्या जीन्सचा पाय फिरल्याने वैतागलेल्यांनी एवढ्या एका कारणासाठी ही घ्यावी.

दोषही सांगायला हवेत. कोकणातल्या पावसाळ्यात ही दोन दिवस वाळत नाही आणि नीट न वाळता घडी घातली तर कुबट वास धरते. विदर्भातल्या मे महिन्यात तर ती कपाटातच बरी. न धुतलेली, कडक ‘रिजिड’ घेतली तर पहिले काही आठवडे निळा रंग बोटांना, पांढऱ्या बुटांना आणि गाडीच्या फिक्या सीटला लागतो. इंडिगो हा जीन्सचा निळा रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, वरच बसतो, म्हणून मीठ किंवा व्हिनेगर घालून तो पक्का होत नाही. उलटी करून थंड पाण्यात, वेगळी धुवा, ब्लीच नको.

मापात सगळ्यात जास्त चुका होतात त्या कमरेच्या. आपल्याकडे पँट पोटाखाली बांधायची सवय, आणि ही बसते बेंबीजवळ. जुन्या जीन्सच्या लेबलावर जाऊ नका, टेप बेंबीच्या किंचित खाली धरून माप घ्या. पोटाखाली ओढून घातली तर आसन लोंबतं आणि मांड्यांच्या आत घासून तिथेच पहिलं भोक पडतं. लांबी नेहमीपेक्षा दोन इंच जास्त घ्या. काउबॉय तशीच घेतात, कारण बसल्यावर मोहरी, म्हणजे पायाची खालची कडा, वर सरकते. शिवाय धुण्यात कापड थोडं आटतं. ३ टक्के धरले तरी ३४ इंचांच्या लांबीत एक इंच जातो. मोहरी बुटावरून उतरेल इतपत मोकळी आहे. पाय अंगाबरोबर हवा असेल तर ९३६ हा क्रमांक बघा. मागवताना रँग्लर या नावावर थांबू नका, लेबलावर क्रमांक आणि १०० टक्के कापूस दोन्ही तपासा.

लांबी कापायची असेल तर आधी दोनदा धुऊन वाळवा. शिंप्याला १६ किंवा १८ नंबरची सुई लावायला सांगा. बाहेरच्या शिवणीवर मोहरी दुमडली की थरांचा गठ्ठा होतो, तिथे बारीक सुई मोडते किंवा टीप सुटते. हातोडीने तो गठ्ठा आधी ठोकून चपटा करायचा आणि त्यावरून चाक हाताने फिरवत टीप न्यायची. कंबर बाजूने कमी करू देऊ नका, बंद शिवण उसवली की तशी परत बसत नाही. मागचा मधला लूप काढून मधल्या शिवणीतून घ्यावी, तीही दीड इंचापर्यंतच. त्याहून जास्त घेतली तर मागचे खिसे एकमेकांना भिडतात आणि बेन यांनी ते जिथे बसवले ती जागाच हलते. इतकी सैल होत असेल तर सरळ एक माप खालची घ्या.