जुने चांदीचे रुपये घेताना काटा आणि लूप: बरेच महिने वापरल्यावर

राणीछाप राजाछाप, म्हणजे इंग्रजांच्या काळातले रुपये जमवायला लागल्यापासून दोन वस्तू कायम खिशात असतात, एक मोबाईलएवढा डिजिटल काटा (200 ग्रॅमपर्यंतचा, 0.01 ग्रॅम दाखवणारा) आणि एक 10एक्सचं, म्हणजे दहापट मोठं दाखवणारं भिंग, ज्याला सगळे लूपच म्हणतात. दोन्ही ऑनलाईन मागवले, कंपनी कुठली याने फार फरक पडत नाही. पण कुठलं नाणं घ्यायचं आणि कुठलं सोडायचं हे ठरवायला या दोघांइतका उपयोग मला दुसऱ्या कशाचाच झाला नाही.

आधी वजन. 1835 पासून सगळीकडे एकसारखा झालेला रुपया म्हणजे 180 ग्रेन (इंग्रजांचं जुनं वजनाचं माप), 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोब्बर जुना तोळा, आपल्या आजी-पणजीच्या काळी सोनार रुपयानेच तोळा मोजायचे तो हाच. वापरून झिजलेला असेल तर 11.4-11.5 भरतो, तेवढं चालतं. पण नाणं दिसायला कोरं करकरीत आणि काटा 10 च्या घरात दाखवतोय तर सरळ खाली ठेवायचं, मग समोरचा कितीही सांगू दे की आमच्या वाड्यातल्या हंड्यात सापडलं म्हणून.

खरी मजा घनतेच्या टेस्टमध्ये आहे. छोट्या प्लास्टिकच्या कपात पाणी घेऊन कप काट्यावर ठेवायचा, आकडा शून्य करायचा, मग रुपया दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवून अधांतरी धरायचा, तळाला टेकवायचा नाही. काटा जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या वजनाला भागायचं, बास. जॉर्ज पाचव्याच्या रुपयाला पाण्यात 1.13 ग्रॅमच्या आसपास येतं म्हणजे घनता 10.3, ही 917 ची चांदी, म्हणजे हजारात 917 भाग चांदी. 1940 पासूनच्या रुपयाला 1.22 येतं, घनता 9.5, कारण युद्धाच्या काळात चांदी निम्म्यावर आणली आणि बाकी तांबं, निकेल, जस्त. वजन दोघांचं सारखंच, हातात घेऊन काही कळत नाही, पाण्यात मात्र लगेच वेगळे पडतात. 1947 चा वाघवाला रुपया तर निकेलचाच, त्याला लोहचुंबक चिकटतं.

लूपने काय बघायचं तर अक्षरांच्या कडा आणि सपाट जागा. साच्यात ओतलेल्या नकली नाण्यावर बारीक बारीक खड्डे दिसतात आणि अक्षरं मऊ, साबणासारखी वाटतात. काठावर 12 वाजताच्या जागी झाळल्याची खूण आहे का तेही बघा, आपल्याकडे रुपयांच्या माळा करायची पद्धत होती त्यामुळे कडी काढून घासलेली नाणी खूप फिरतात. आणि पितांबरीने लख्ख घासलेलं नाणं प्लीज घेऊ नका, लक्ष्मीपूजनाला चकचकीत दिसतं हो, पण वरचा जुना रंग एकदा गेला की तो परत येत नाही आणि जाणकार ग्राहक त्याला हातही लावत नाही. काळपट आहे पण चेहरा स्पष्ट आहे असंच घ्या.

1911 चा रुपया लूपखाली जरूर बघा. जॉर्ज पाचव्या राजाच्या छातीवरच्या साखळीत हत्ती आहे पण सोंड इतकी आखूड की लोकांना तो डुक्कर वाटला, ओरड झाली आणि 1912 पासून हत्ती सुधारून काढला. 1911 आणि 1912 शेजारी शेजारी ठेवून बघताना जे वाटतं ना, त्यासाठीच हा छंद आहे असं माझं ठाम मत.

आता काटा कुठे कमी पडतो ते पण सांगतो. 1939 चा रुपया दुर्मीळ, त्यामुळे 1938 च्या खऱ्या रुपयावरचा 8 खरवडून 9 केलेले असतात. चांदी खरी, वजन खरं, पाण्यातही पास होणार. तिथे फक्त लूप आणि तेही शेवटच्या आकड्यावर, भोवतीची जागा खरवडल्यासारखी दिसते का हे बघायचं. एवढ्या किमतीचं नाणं नवीन माणसाने जाणकाराला दाखवल्याशिवाय घेऊच नये.

आणि फुटपाथवर रामदरबाराचं, हनुमानाचं 1818 चं ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं म्हणून जे विकतात त्यावर काटा लावायचीही गरज नाही, कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नव्हतं.

सुरुवात करणाऱ्याने सगळी सालं गोळा करायच्या मागे लागू नये असं मला वाटतं. विल्यम चौथा 1835, व्हिक्टोरिया 1840, मग 1862 ची राणी, 1877 पासूनची एम्प्रेस (सम्राज्ञी असं लिहिलेली व्हिक्टोरियाच), एडवर्ड, दोन्ही हत्तींचे जॉर्ज, जॉर्ज सहावा आणि शेवटी वाघ, एवढे प्रकार चांगल्या अवस्थेतले जमले तरी शतकभराचा इतिहास हातात येतो. जॉर्ज पाचव्याची नेहमीची सालं चांदीच्या भावाच्या आसपास मिळून जातात, वरचे पैसे द्यायचे ते फक्त अवस्थेसाठी.

काटा घेताना सोबत 100 ग्रॅमचं कॅलिब्रेशनचं वजन नक्की घ्या, सेल उतरायला लागले की आकडा हलतो. आणि जुन्या बाजारात किंवा प्रदर्शनात विक्रेत्याला आधी विचारूनच काटा बाहेर काढा, चांगला विक्रेता कधीच नाही म्हणत नाही, उलट स्वतःचा काढून देतो.