कॉन २०के आणि ३६के: पितळ की फायबरग्लास?

अमेरिकेतील मार्चिंग बँडमध्ये रुळलेल्या कॉन कंपनीच्या या दोन सूसाफोनांपैकी (अंगाभोवती वळवून खांद्यावर घ्यायचे मोठे फुंकवाद्य) २०के संपूर्ण पितळेचा, तर ३६केचा कर्णा आणि अंगाचा मोठा भाग फायबरग्लासचा असून व्हॉल्व्ह (बोटांनी दाबायच्या कळा) मात्र पितळीच आहेत. २०केचा मंद्र स्वर भरदार असतो आणि जोराने फुंकल्यावर त्याला पितळेची खास धार येते. ३६केचा स्वर स्वच्छ, पण काहीसा बोथट वाटतो. २०केच्या रुंद व्हॉल्व्हवर बोट थोडेसेच खाली जाते, हे सुख वेगळेच. पितळेला पोचे पडतात, ते ठोकून काढता येतात. फायबरग्लासला मात्र तडा जातो. तरीही लांब मिरवणुकीत, खांदा भरून आल्यावर, मी हलका ३६केच उचलेन.