रॉकेटच्या किटमध्ये निघाला दिवाळीचा बाण

मॉडेल रॉकेटचं किट ऑनलाइन मागवणार असाल, तर हे वाचा आणि मगच पैसे टाका.

भाच्याला सुट्टीत रॉकेट करायचं होतं. नळी आणि पॅराशूट घरीच केलं. नाकाचा शंकू, पंख आणि मोटर (रॉकेट उडवणारी, स्फोटक दारू भरलेली छोटी नळी) बसवायची कडी थ्रीडी प्रिंट केलेली हवी होती, म्हणून सोशल मीडियावरच्या एका विक्रेत्याला गाठलं. माणूस बोलायला साखर. ‘‘दादा, पार्ट सगळे पीईटीजी प्लास्टिकचे, मोटर इम्पोर्टेड सी ६-५. शेवटचे दोनच पीस राहिलेत.’’ कॅश ऑन डिलिव्हरी नाही म्हणाला. ४,८०० रुपये आधीच घेतले.

पार्सलवर लिहिलेलं ‘खेळणी’. पाल चुकचुकली ती तिथंच. दारू भरलेला माल असा साध्या कुरिअरनं पाठवायचा नसतो.

जुळे सोलापुरात दुपारी गाडी उन्हात उभी होती. डॅशबोर्डवर ठेवलेले पंख तासाभरात पापडासारखे वाकले. पीएलए हे थ्रीडी प्रिंटचं दुसरं प्लास्टिक साठ अंशांच्या आसपासच मऊ पडतं, पीईटीजी साधारण ऐंशीपर्यंत तग धरतं. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये हा फरक लपत नाही. पार्ट आले की एखादा जादा तुकडा सत्तर अंशांच्या पाण्यात टाकून बघा. लगेच वाकला तर पीएलए समजा.

पण खरी चलाखी मोटरीत होती. सी ६-५ ची नळी १८ मिलिमीटर जाड आणि ७० मिलिमीटर लांब असते. ‘सी’ म्हणजे एकूण जोराचा गट, ६ म्हणजे सरासरी सहा न्यूटन रेटा आणि ५ म्हणजे जळून झाल्यावर पाच सेकंदांनी पॅराशूट बाहेर ढकलणारा बार. आमची मोटर कडीत खुळखुळत होती, म्हणून तिला कागदी टेप गुंडाळलेली. नखानं लेबल उचकटलं तर खाली फटाक्याच्या वेष्टणाची लाल-पिवळी छपाई! वरचं तोंड नुसत्या कागदाच्या बोळ्यानं बंद. पॅराशूट उघडणारा बारच नाही. म्हणजे उडालं असतं तरी दगडासारखं खाली, तेही कुणाच्या डोक्यावर. पेटवायच्या जागीच फुटलं असतं तर बोलायलाच नको. मोटर तशीच पाण्याच्या बादलीत बुडवली.

विक्रेत्याला फोन केला. ‘‘ओ दादा, उडतंय की! अजून काय पायजे?’’ एवढं बोलून त्यानं नंबर ब्लॉक केला.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बँकेलाही कळवलं. पैसे अजून आलेले नाहीत. तुमच्यावर अशी वेळ आली तर १९३० ला त्याच दिवशी फोन करा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

त्याचं जुनं खातं बंद झालंय, पण वेगळ्या नावानं तोच धंदा सुरू आहे. फोटोसुद्धा बदललेले नाहीत: लाल-पांढरं रॉकेट, मागे निळी पाण्याची टाकी.