टू नोट्स कॅप्टर 8 ओम: डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये मार्शल वाजवायचा तर

आधी निकाल सांगतो. गिटारचा ट्यूब अँप आणि स्पीकर यांच्या मध्ये बसून आवाज उतरवणारा हा डबा दणकट आहे, आवाज छान देतो, पण 8 ओमचा कॅप्टर घ्यायचा की 16चा हे दुकानदाराला विचारू नका. स्वतःच्या अँपच्या पाठीमागे जाऊन ओमचा (विद्युत रोधाचा) आकडा बघा. दुकानात मला ‘कुठलाही चालतो हो’ असं उत्तर मिळालं होतं. कुठलाही चालत नाही.

माझ्याकडे मार्शल डीएसएल 20 एचआर हेड (स्पीकरशिवायचा अँप) आहे, दोन ईएल 34 ट्यूबचं. खाली मार्शलचंच एमएक्स 112 कॅब (स्पीकरची पेटी), आत सेलेस्टियनचा एकच 12 इंची स्पीकर, 16 ओमचा. 20 वॉट ऐकायला किरकोळ वाटतं, पण मास्टर व्हॉल्यूम अर्ध्यावर नेलात की स्वयंपाकघरातली मांडणी साथीला बसते. आणि मास्टर वर गेल्याशिवाय त्या ईएल 34 जाग्याच होत नाहीत. म्हणून अँप आणि कॅबच्या मध्ये हा डबा: अँपची बहुतेक ताकद पोटात घेऊन उष्णतेत घालवतो, उरलेली चिमूटभर स्पीकरला देतो.

आता ओमचं. ट्यूब अँपचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर ठरावीक लोड (पुढे जोडलेला रोध) गृहीत धरून गुंडाळलेला असतो. 8च्या जॅकला 4 ओम लावलं तर ट्यूबमधून जादा करंट ओढला जातो आणि त्या लवकर म्हाताऱ्या होतात. 16 लावलं तर व्होल्टेजचा ताण वाढतो. काहीच न लावता जोरात वाजवलं तर ट्रान्सफॉर्मरच जाऊ शकतो. दुप्पट-निमपटीचा फरक बरेच अँप सोसतात, पण मार्शलच्या बाबतीत मी तो जुगार खेळणार नाही.

कॅप्टर मध्ये आला की अँपला समोर दिसतो तो कॅप्टर, कॅब नव्हे. त्यामुळे माझी जोडणी अशी: हेडच्या 8 ओमच्या जॅकमधून कॅप्टर, आणि कॅप्टरच्या अटेन्युएटेड आउटमधून 16 ओमचं कॅब. इथे लोक दचकतात. पण हे आउट 20 डीबीने (डेसिबलने) आवाज उतरवतं, म्हणजे ताकदीचा शंभरावा हिस्सा कॅबकडे जातो. तिथे 8 असो की 16, अँपला त्याचा पत्ता लागत नाही, आवाज तेवढा थोडा कमीजास्त होतो. थ्रू आउट मात्र वेगळं. तिथून पूर्ण ताकद सरळ कॅबला जाते, तेव्हा कॅबचा आकडा जुळलाच पाहिजे. रिहर्सलला मी कॅप्टर काढूनच ठेवतो आणि कॅब थेट 16च्या जॅकला लावतो.

अँपला मागे दुसरं जॅक रिकामं दिसतं म्हणून एकात कॅप्टर आणि दुसऱ्यात कॅब, असली हुशारी करू नका. 8 आणि 16 समांतर जोडले की 5.3 ओम होतात, आणि असा जॅक हेडवर नाही.

कॅबच्या केबलला मल्टिमीटर लावलात आणि 16ऐवजी 13च्या आसपास आकडा आला तर स्पीकर बिघडलेला नाही. मीटर डीसीवर मोजतो. वाजताना तोच स्पीकर खालच्या स्वरांत, रेझोनन्सपाशी, कितीतरी पटीने जास्त इम्पिडन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा रोध) दाखवतो आणि वरच्या स्वरांतही चढत जातो. साध्या रेझिस्टरच्या डब्यात हा चढउतार नसतो, म्हणून तिथे गिटार गोधडीखालून आल्यासारखी वाटते. कॅप्टरचा लोड रिअॅक्टिव्ह आहे, स्पीकरची ही लहर बऱ्यापैकी धरतो. पाम म्यूट करून (तळहात तारांवर टेकवून) खालची ई तार मारली की फरक लगेच कळतो: ठोका बसतो, नुसता भुस्स आवाज येत नाही.

तक्रार एकच, पण मोठी. 20 डीबी म्हणजे 20 डीबी, अधलंमधलं काही नाही. 20 वॉटचे 0.2 वॉट झाले तरी 98 डीबी संवेदनशीलतेचा स्पीकर एक मीटरवर 91 डीबी देतो. दुपारी ठीक आहे. रात्री दहानंतर खालच्या काकू व्हॉट्सअॅपवर फक्त प्रश्नचिन्ह पाठवतात, आणि ते रास्त असतं. मग हेड 10 वॉटवर, नाहीतर कॅब काढून कॅप्टरच्या डीआयमधून (रेकॉर्डिंगसाठीच्या आउटमधून) इंटरफेस (संगणकाला जोडायचं साउंड कार्ड) आणि हेडफोन. कॅब नसलं तरी लोड कॅप्टरच असतो, त्यामुळे अँप सुरक्षित. डीआयला फँटम पॉवर (इंटरफेसकडून केबलवाटे येणारी वीज) किंवा अडॅप्टर लागतो हे ध्यानात ठेवा, नाहीतर आवाज का येत नाही म्हणून केबली बदलत बसाल.

केबलवरून आठवलं: अँप ते कॅप्टर आणि कॅप्टर ते कॅब, दोन्हीकडे स्पीकर केबलच हवी. गिटारची केबल त्याच जॅकमध्ये बसते हीच तर पंचाईत. तिची आतली तार बारीक असते, तापून तुटली की अँपपुढे लोडच उरत नाही.

कॅब 16चं असून मी 8चा कॅप्टर घेतला तो बॅंडमधल्या मित्राच्या फेंडर ब्लूज ज्युनियरसाठी. त्यात 8 ओमचा एकच स्पीकर आहे, त्याचा प्लग काढून कॅप्टरला लावता येतो. एमएक्स 112सारखं 16चं कॅब असेल आणि डबा कायम जोडलेलाच ठेवायचा असेल, तर 16वाला घ्या, थ्रूसुद्धा कामाला येईल. जुना घेत असाल तर फोटोत मागचा आकडा दिसल्याशिवाय पैसे पाठवू नका. डबा एका ओमचाच असतो, आकडा बदलायला त्यावर बटण नाही.