पिकअपला स्टीअरिंग डॅम्पर: आठ महिने आणि आंब्याच्या एका सीझननंतर

नोव्हेंबरात स्टीअरिंगचे झटके शोषणारा डॅम्पर बसवला, आता जून संपत आला. मधल्या काळात देवगड ते वाशी मार्केट अशा आंब्याच्या २६ फेऱ्या झाल्या. बसवून आठवड्यात लिहिलं असतं तर 'डोळे मिटून घ्या' असंच लिहिलं असतं, आणि ते चुकीचं ठरलं असतं.

गाडी सात वर्षांची पिकअप. पुढेही मागच्यासारखेच पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि दोन्ही चाकांना जोडणारा सरळ एक्सल. तक्रारी दोन होत्या. हायवेवर ७०-७५ला असताना पुलाच्या सांध्यावर एखादं चाक आपटलं की स्टीअरिंग हातात जोरात थरथरायचं, वेग ४०पर्यंत उतरल्याशिवाय थांबायचं नाही. खारेपाटणच्या अलीकडे एकदा शेजारून ट्रेलर जात असताना हे झालं. त्या दिवशी बाजूला उभा राहून दहा मिनिटं गाडीला हात लावला नाही. दुसरी तक्रार परतीच्या वाटेवरची. रिकामे क्रेट घेऊन येताना गाडी सरळ धरवत नसे, सारखी डावी-उजवी दुरुस्ती. सड्यावर, म्हणजे उघड्या माळावर, आडवा वारा असला की खांदे भरून यायचे. मी दोन्हींना एकच आजार समजत होतो.

थरथरीवर डॅम्परने पहिल्याच दिवसापासून काम केलं. सरळ एक्सलला एका चाकाचा धक्का दुसऱ्यापर्यंत पोचतो. एक्सल तिरका झाला की फिरती चाकं आपोआप वळू बघतात, टायरॉडने (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याने) बांधलेली असल्याने एकदम डावी-उजवी झुलायला लागतात. डॅम्पर म्हणजे आडवा बसवलेला शॉकअबच. तेलाच्या अडथळ्याने तो ते झुलणं तिथल्या तिथे मारतो. आजपर्यंत पुन्हा एकदाही थरथर सुटलेली नाही.

पण गाडीचं भटकणं तसूभर कमी झालं नाही. होणारही नव्हतं. डॅम्पर हालचाल मंद करतो, चाकं सरळ आणत नाही. ते काम कास्टरचं. किंगपिनचं, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं तिचं, वरचं टोक थोडं मागे झुकलेलं असतं. हा झुकाव म्हणजे कास्टर, त्याच्यामुळे वळण संपल्यावर स्टीअरिंग आपणहून मधे येतं. जानेवारीत दुसऱ्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडी लांबून बाजूने बघितली आणि म्हणाले, "मागे पाटो वाढवलंस, म्हणान गाडीचा तोंड खाली गेला." खरंच, दोन वर्षांपूर्वी पेट्या जास्त बसाव्यात म्हणून मागे एकेक जादा पाटा घातला होता. आपल्याकडे बऱ्याच पिकअपना तो असतो. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर तीन मीटर धरा. मागची बाजू पाच सेंटिमीटर उचलली की अख्खी चेसी जवळजवळ १ अंशाने पुढे कलते आणि तेवढाच कास्टर जातो. मुळात दोन-तीन अंशच असतो तो! माल भरला की मागचं बसतं आणि कास्टर परत येतो, म्हणून जाताना गाडी बरी आणि येताना वाईट. दोन वर्षं मी वाऱ्याला दोष देत होतो.

आधी त्यांनी जॅक लावला. चाक वर-खाली धरून हलवलं तर डाव्या किंगपिनच्या बुशात ढिलाई (प्ले). मग गाडी खाली उतरवून मी स्टीअरिंग थोडं थोडं हलवत बसलो आणि ते खाली वाकून बघत होते. टायरॉडच्या टोकाचा एक बॉल जॉइंट गेलेला. डॅम्पर बसवणाऱ्या गॅरेजने हे काहीच तपासलं नव्हतं. याचा मला अजून राग आहे, कारण डॅम्परने थरथर दाबली आणि सैल झालेला बॉल तसाच दोन महिने हायवेवर पळाला. बॉल निसटला तर डॅम्पर काही वाचवत नाही.

बुश, बॉल नवे टाकले, जादा पाटा काढला. तरीही थोडी कसर राहिली, म्हणून पुढच्या पाट्यांखाली १ अंशाच्या पाचरी घातल्या. एक्सल पाट्यांच्या खाली असेल तर पाचरीची जाड बाजू मागे हवी. उलटी बसली तर उरलासुरला कास्टरही जाईल. एक्सल पाट्यांना बांधणारे यू-बोल्ट नवे घ्या, आणि शेवटी टो (पुढच्या चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते) तपासून घ्या. पाचरींनी स्टीअरिंग जड झालं, बंदरावर गाडी वळवताना जाणवतं. जास्त अंशांच्या मोहात पडू नका. कास्टर फार वाढला तर तीच थरथर परत येऊ शकते.

आता ८०ला, म्हणजे मालवाहू गाडीच्या मर्यादेला, रिकामी गाडी काँक्रीटवर सरळ जाते. पेट्या मात्र पूर्वीपेक्षा कमी भरतो. घरी त्यावरून बोलणं झालं, पण मी मागे हटलो नाही.

डॅम्परबद्दल तक्रार एकच, खाऱ्या हवेची. मेपर्यंत ब्रॅकेटचे बोल्ट गंजले, दांड्याच्या रबरी टोपीला चीर गेली. दांड्यावर गंज चढला की सील कापतं आणि तेल गळतं. मी टोपी बदलली, बोल्ट काढून ग्रीस लावून पुन्हा आवळले. मासळी वाहणाऱ्यांनी तर दर महिन्याला गोड्या पाण्याने खालून धुवावं.

ज्यांना घ्यायचा आहे त्यांनी आधी जॅक लावून किंगपिन आणि बॉल बघावेत, डॅम्पर त्यानंतर. थरथर असेल तर पैसे वसूल आहेत. गाडी नुसती भटकत असेल तर मागचे पाटे मोजा.